घाटकोपरची बस आणि पारनेरचा घाट

(नगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे लेखी रूप)



१ जून १९४८ रोजी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस धावली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. माळीवाड्याहून निघालेली ती गाडी चास, सुपे, शिरूर या मार्गाने पुण्यास गेली. नगर जिल्ह्यातील माणूस ही आठवण अभिमानाने सांगतो आणि त्याने ती सांगावीच. तोवर खासगी मोटारमालकाच्या मर्जीवर प्रवास करणाऱ्या शेतकऱ्याला, मजुराला, बाजाराला निघालेल्या बाईला त्या दिवशी असे वाहन मिळाले की ज्यात तिकीट काढले म्हणजे बसण्याचा हक्क मिळत होता. सार्वजनिक मालकी म्हणजे काय, हे पुस्तकातून समजावून सांगण्यास फार वेळ लागतो, एस.टी.च्या बाकावर ते न सांगता कळते.

त्या रस्त्याचा काही भाग पारनेर तालुक्यातून जातो. जानेवारी २००३ मध्ये याच तालुक्याचे नाव निराळ्या कारणाने वृत्तपत्रांत आले. एका आरोपीला मुंबईहून औरंगाबादकडे घेऊन निघालेली पोलिसांची जीप पारनेरजवळ घाटात उलटली आणि त्या गोंधळात आरोपी पळून गेला, अशी फिर्याद पोलिसांनीच पोलिसांकडे दिली. आरोपीचे नाव ख्वाजा युनूस. वय सत्तावीस, मूळचा परभणीचा, शिक्षणाने संगणक अभियंता, नोकरी दुबईत. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला होता. त्या प्रकरणात त्याला पोटा कायद्याखाली पकडण्यात आले होते. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. त्याचा मृतदेहही कधी मिळाला नाही.

सार्वजनिक वाहनांवरील दहशतवादी हल्ले आणि त्यांच्यानंतर जे घडते ते, हा आजचा विषय आहे. घाटकोपरच्या बसमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्याचा गुन्हा आणि पारनेरच्या घाटात जीप उलटल्याचा कागद रंगविणाऱ्याचा गुन्हा यांचा विचार एकत्रच केला पाहिजे. कारण दुसऱ्या गुन्ह्याने पहिल्या गुन्ह्यावर पांघरूण घातले आहे, आणि या दोन्हींची किंमत बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मोजली आहे.

बॉम्ब कोणासाठी?

२००२ ते २००६ या काळात मुंबईच्या वाहनांवर एकामागून एक आघात झाले. घाटकोपरच्या पहिल्या स्फोटात दोन माणसे ठार झाली आणि कित्येक जखमी झाली. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलच्या डब्यात स्फोट होऊन दहाच्या वर प्रवासी मृत्युमुखी पडले. २८ जुलै २००३ रोजी पुन्हा घाटकोपरलाच बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला. आणि ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, भाईंदर, बोरिवली ही स्थानकांची नावे त्या रात्री मृतांच्या याद्यांची शीर्षके झाली. एकशे ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि आठशेच्या आसपास जखमी झाली. त्यांपैकी एक तरुण नऊ वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २०१५ मध्ये मरण पावला.

बॉम्ब पहिल्या वर्गाच्या डब्यांत ठेवले होते, म्हणून हा सधनांवरील हल्ला होता असे कोणी मानू नये. मुंबईच्या लोकलचा पहिला वर्ग म्हणजे बँकेतला कारकून, लहान दुकानदार, हिरे बाजारातला दलाल, महिन्याचा पास काढून थोडी कमी चेंगराचेंगरी विकत घेणारा नोकरदार. खरा सधन माणूस स्वतःच्या मोटारीतून जातो. सार्वजनिक वाहनावरचा बॉम्ब हा नेहमीच श्रम विकून जगणाऱ्यावरचा बॉम्ब असतो. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत सुमारे एकशे नव्वद माणसे मारली गेली. ती सकाळी कामावर निघालेली कामगार वस्त्यांतील माणसे होती आणि त्यांत पोटासाठी परदेशातून आलेले पुष्कळ होते. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बावन्न माणसे मेली, तीही कामाच्या वेळेस. दहशतवादी स्वतःला कोणत्याही धर्माचा वा राष्ट्राचा कैवारी म्हणवून घेवो, त्याच्या हिशेबात या माणसांची किंमत केवळ संख्येपुरती असते. त्याच्याविषयी समाजवाद्यांच्या मनात यत्किंचितही संदिग्धता असता कामा नये. दारिद्र्य, अन्याय, दंगली ही कारणे शोधून काढणे हे अभ्यासकाचे कामच आहे; परंतु घरी परतणाऱ्या प्रवाशाच्या देहाचे तुकडे करणे हे कोणत्याही अन्यायाचे उत्तर होऊ शकत नाही.

बस आणि लोकल हीच लक्ष्ये का निवडली जातात, याचे उत्तर त्यांच्या अर्थशास्त्रात आहे. त्यांचे दार सर्वांना उघडे असते, हाच त्यांचा गुण. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दिवसाला सत्तर लाखांच्या घरात प्रवास होतात. प्रत्येक प्रवाशाची झडती घेण्यास केवळ एक मिनिट लावले, तरी रोज एक लाख सोळा हजारांहून अधिक तास खर्ची पडतील आणि अर्धे शहर कामावर पोहोचणारच नाही. विमानाचे दार राखता येते. लोकलचे राखता येत नाही. स्थानकावरचे यंत्र आणि वाळूच्या पोत्याआडचा शिपाई यांनी थोडा धीर येतो, याहून अधिक काही होत नाही.

म्हणजे या प्रवाशाला खरे संरक्षण एकच उरते. स्फोट कोणी केला, साहित्य कोठून आले, पैसा कोणी पुरविला, हे अचूक शोधून काढणारा तपास. खरा गुन्हेगार सापडला तर पुढचा स्फोट टळतो. चुकीचा माणूस सापडला तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि पोलिसांचे दप्तर मात्र बंद होते. दार उघडे ठेवणाऱ्या समाजाला सत्य शोधण्याची शिस्त अधिक कडक पाळावी लागते. घाटकोपरच्या प्रकरणात ती कशी पाळली गेली, हे आता पाहावे.

कागदावरचा अपघात

युनूसच्या कुटुंबीयांनी पोलिसांच्या कथेवर विश्वास ठेवला नाही. ते उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे तपास आला. त्याचा निष्कर्ष असा होता की पलायनाची कथा बनावट आहे आणि युनूसचा मृत्यू पोलीस कोठडीतच झाला आहे. त्याच प्रकरणात अटकेत असलेल्या एका डॉक्टरने ६ जानेवारी २००३ रोजी त्याला मारहाण होताना आणि रक्ताची उलटी होताना पाहिल्याचे सांगितले. म्हणजे आरोपानुसार, ज्याला जीपमधून औरंगाबादला नेले जात होते असे कागद म्हणतो, तो माणूस तेव्हा या जगातच नव्हता.

अन्वेषण विभागाने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. राज्य सरकारने खटला भरण्यास मंजुरी दिली ती फक्त चौघांविरुद्ध. तत्कालीन सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे आणि तीन शिपाई. २००४ मध्ये ते निलंबित झाले. खटल्यात साक्षी सुरू होण्यास २०१७-१८ उजाडले. २०१८ च्या जानेवारीत त्या डॉक्टरने साक्षीत आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली; त्यांनाही आरोपी करावे असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी केला, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्या वकिलांना खटल्यातून दूर करण्यात आले. खटला पुन्हा खोळंबला. जून २०२० मध्ये वाझे यांना पोलीस दलात परत घेण्यात आले. पुढे मार्च २०२१ मध्ये मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटके ठेवलेली मोटार आढळल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांनाच अटक केली आणि मे महिन्यात त्यांना बडतर्फ करण्यात आले. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. हा नियम युनूसला लागू व्हायला हवा होता, तसाच तो वाझे यांनाही लागू आहे. तथापि, एका माणसाच्या कोठडीतील मृत्यूच्या खटल्याला वीस वर्षे उलटूनही निकाल लागू नये, हे आरोपीच्या दृष्टीनेही न्यायाचे लक्षण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. बसमधील बॉम्बचे काय झाले? २००५ मध्ये विशेष पोटा न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींची निर्दोष सुटका केली. घाटकोपरला मेलेल्या दोघांच्या घरी त्या खटल्यातून काहीही पोहोचले नाही. ज्या तपासाच्या नावाने एका तरुणाचा जीव गेला, त्या तपासाने बॉम्ब ठेवणाऱ्याचा पत्ता लावला नाही. कोठडीत हात उगारणाऱ्याने राष्ट्राची सेवा केली, असे मानणाऱ्या सज्जनांनी या एका गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

युनूसच्या आईला २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा पैसा कोणाचा? राज्याच्या तिजोरीचा, म्हणजे काडेपेटीपासून कपड्यापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्याचा. बेस्टच्या बसमधला प्रवासी आणि पारनेरचा बाजरी पिकविणारा कोरडवाहू शेतकरी, या दोघांनी मिळून पोलीस कोठडीतील मृत्यूचा दंड भरला. मारणाऱ्याच्या पगारातून काय वसूल झाले, हा प्रश्न कोणत्याही अंदाजपत्रकात विचारला जात नाही.

अकरा मिनिटे आणि एकोणीस वर्षे

एखाद्या प्रकरणात पोलिसांचा तोल गेला असेल, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु ११ जुलै २००६ च्या खटल्याने तशी सोय ठेवलेली नाही. देशातील सार्वजनिक वाहनांवरील भीषण हल्ल्यांपैकी तो एक. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तपास केला, मोक्का कायदा लावला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. तेराव्या आरोपीची सुटका झाली. पण तोवर त्याची नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. दोषी ठरलेल्यांपैकी एक २०२१ मध्ये कैदेतच कोरोनाने मेला.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. सरकार पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असे न्यायालयाने म्हटले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे आणि त्यांतील मजकूर एकमेकांशी संशयास्पद रीतीने जुळत असल्याचे दिसून आले. काही साक्षीदारांनी घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी आरोपींना ओळखले होते. ओळखपरेड घेणाऱ्यास तो अधिकार नव्हता. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश त्या न्यायालयाने २४ जुलै रोजी दिला; सुटलेल्यांना पुन्हा कैदेत टाकावे असे मात्र म्हटले नाही.

या निकालाआधीही एक गोष्ट उघड झाली होती, पण तिच्याकडे लक्ष देण्याची कोणाची तयारी नव्हती. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या संघटनेच्या काहींना पकडले आणि लोकलमधील स्फोट या संघटनेने केले, अशी कबुली पुढे आली. एकाच शहरातील एकाच पोलीस दलाच्या दोन शाखा एकाच गुन्ह्याच्या दोन निरनिराळ्या कथा सांगत होत्या. दोन्ही खऱ्या असू शकत नव्हत्या. दोन्ही खोट्या मात्र असू शकत होत्या. कथांच्या या शर्यतीत प्रवाशाला सत्य सांगण्याचे काम कोणाचेच राहिले नाही. अकरा मिनिटांच्या संहाराचे उत्तर एकोणीस वर्षांनी कोरे राहिले.

खोटे नाणे

असे का होते? पोलीस सारेच क्रूर असतात म्हणून, हे उत्तर आळशी आहे आणि अन्यायकारकही. शिपायाचा मुलगा शेतकऱ्याचाच मुलगा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ग्रेशॅमचा नियम आठवतो. हिणकस आणि अस्सल अशी दोन्ही नाणी एकाच भावाने चालू लागली, की हिणकस नाणे अस्सल नाण्याला बाजारातून हुसकावून लावते. पुराव्याचेही असेच आहे.

अस्सल पुरावा महाग असतो. स्फोटाच्या जागेवरचा कण न् कण गोळा करणे, दूरध्वनीच्या नोंदी ताडून पाहणे, पैशाचा माग काढणे, साक्षीदाराला निर्भय ठेवणे, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत मिळविणे, या सर्वाला वेळ, पैसा आणि बुद्धी लागते. मारून काढलेला कबुलीजबाब स्वस्त असतो. त्याला एक खोली पुरते. इंग्रजांनी केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यानेदेखील पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा मानला नव्हता. परक्या राज्यकर्त्यांनाही आपल्या पोलिसांचा जेवढा भरवसा वाटला नाही, तेवढा स्वतंत्र भारताच्या कायदेकर्त्यांना वाटला. १९८७ चा टाडा, १९९९ चा महाराष्ट्राचा मोक्का आणि २००२ चा पोटा या तिन्ही कायद्यांनी पोलीस अधीक्षक वा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य ठरविली. हिणकस नाणे सरकारनेच अधिकृत केले. मग अस्सल नाणे पाडण्याचे कष्ट कोण घेणार? वरून मंत्र्याचा दूरध्वनी येतो, बाहेर वार्ताहर उभे असतात, आठवड्यात आरोपी हवा असतो. अशा वेळी खोलीचे दार बंद होते.

प्रत्येक खटला बनावट असतो, असा याचा अर्थ नाही. २८ जुलै २००३ च्या घाटकोपर बसस्फोटासह त्या ऑगस्टमधील गेटवे व झवेरी बाजार स्फोटांच्या खटल्यात २००९ मध्ये तिघांना शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती २०१२ मध्ये कायम केली. मुलुंडच्या स्फोटाच्या खटल्यात २०१६ मध्ये दहा जण दोषी ठरले. तपास होऊ शकतो. माद्रिदचा खटला चार वर्षांच्या आत, ऑक्टोबर २००७ मध्ये निकालात निघाला. तेथेही सरकारने स्फोटांनंतर लगेच बास्क संघटनेवर दोष ढकलण्याचा प्रयत्न केला होता. तीन दिवसांनी झालेल्या निवडणुकीत मतदारांनी ते सरकार घालविले. लंडनमध्ये पोलिसांनी २२ जुलै २००५ रोजी एका निरपराध ब्राझिली वीजतंत्र्याला भुयारी रेल्वेच्या डब्यात गोळ्या घातल्या आणि आधी बरीच दिशाभूलही केली. परंतु पोलीस दलाला न्यायालयात दंड झाला. पुढे २०१०-११ मध्ये बावन्न मृत्यूंची एकेक करून जाहीर न्यायिक चौकशी झाली. मदत वेळेवर पोहोचली का, कोण वाचू शकले असते, हे नातेवाइकांसमोर तपासले गेले. ते समाज निर्दोष आहेत असे नाही. मेलेल्या प्रवाशाला तो नागरिक होता म्हणून काही उत्तर देणे लागतो, एवढे त्यांनी मान्य केले.

महाराष्ट्रात त्याऐवजी प्रवाशांच्या हिमतीची स्तुती होते. १२ जुलै २००६ रोजी सकाळी लोकल भरून धावल्या, म्हणून या शहराच्या जिद्दीवर अग्रलेख आले. पारनेर-अकोल्याकडून मुंबईत गेलेल्या हमालाला, दूधवाल्याला, रोजंदारीवाल्याला विचारले असते तर त्याने साधे उत्तर दिले असते : एक दिवस घरी बसले तर त्या दिवसाची मजुरी जाते. नाइलाजाला शौर्य म्हणणे हे राज्यकर्त्यांच्या सोयीचे असते. कारण शूराला उत्तर द्यावे लागत नाही.

आपल्या अंगणात

समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न परक्याचा मानू नये. १९७६ मध्ये बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर रेल्वेमार्ग व सरकारी मालमत्ता उडविण्याच्या कटाचा आरोप होता. जीवितहानी करावयाची नाही असे आपण ठरविले होते, असे ते सांगत. त्या मार्गाविषयी चळवळीत तेव्हाही मतभेद होते आणि ते असणे योग्यच होते. परंतु जॉर्ज यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरात पकडून अमानुषपणे मारण्यात आले, याविषयी मतभेद नव्हता. स्नेहलता रेड्डी यांना आरोपपत्राविना तुरुंगात ठेवले. दम्याने खंगलेल्या त्या अभिनेत्रीचा सुटकेनंतर काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये, अंत झाला. १९७७ मध्ये सरकार बदलले आणि खटला मागे घेतला गेला. पोलिसांची मारहाण ही तेव्हा लोकशाहीची हत्या होती, हे सर्वांना दिसत होते.

त्यानंतर पाव शतकाने, २६ मार्च २००२ रोजी, संसदेच्या संयुक्त बैठकीत पोटा मंजूर झाला. ज्या सरकारने तो आणला त्याचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. लॉरेन्स यांच्या देहावरचे वळ ज्यांनी पाहिले, त्यांच्या सरकारने पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरविला. आणि त्याच कायद्याखाली नऊ महिन्यांनी परभणीचा एक तरुण घाटकोपरच्या कोठडीत गेला. हे कोणाला हिणविण्यासाठी सांगावयाचे नाही. आपला माणूस कोठडीत असतो तेव्हा जे तत्त्व वाटते, ते परका माणूस कोठडीत असताना अडचण वाटू लागते, ही सर्वांचीच दुर्बलता आहे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून विनाचौकशी डांबलेल्यांत आचार्य नरेंद्र देव होते, याचा उल्लेख भाषणांत वारंवार होतो. त्या आठवणीचा उपयोग हारतुऱ्यांपुरता नसावा.

हीच परीक्षा २०२५ च्या जुलैत सर्व पक्षांची झाली. २१ तारखेस लोकल स्फोटांतील मुस्लिम आरोपी सुटले; ३१ तारखेस २००८ च्या मालेगाव स्फोटातील हिंदू आरोपी सुटले. त्या स्फोटात सहा माणसे मेली होती. दहा दिवसांच्या अंतराने काहींना पहिला निकाल आघात वाटला आणि दुसरा विजय. काहींना याच्या उलट. मेलेल्यांच्या घरी दोन्ही दिवशी एकच बातमी पोहोचली : तुमचे माणूस कोणी मारले ते सिद्ध झालेले नाही. आरोपीचा धर्म पाहून निकालाचे स्वागत वा निषेध करणारा मनुष्य बॉम्ब ठेवणाऱ्याचीच विभागणी मान्य करीत असतो.

काय मागावे?

कार्यकर्त्यांनी केवळ खेद व्यक्त करून थांबू नये. काही मागण्या स्पष्ट आहेत. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली. त्यास मान्यता देण्यासाठी लागणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊनही पुढे बारगळले. तो कायदा झाला पाहिजे. कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणी पोलिसांवर खटला भरण्याची मंजुरी देणे न देणे सरकारच्या इच्छेवर राहता कामा नये. चौदांतून दहा नावे गळतात ती याच गाळणीतून. पोलीस तपास राजकीय दूरध्वनीपासून मुक्त करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे लोकल स्फोटांच्याच वर्षी, प्रकाश सिंह खटल्यात दिले. ते कागदावर न राहता अमलात आले पाहिजेत. मोक्कातील कबुलीजबाबाची तरतूद रद्द झाली पाहिजे. स्फोटांत जायबंदी झालेल्यांच्या उपचाराची आणि कामाची जबाबदारी आयुष्यभर सरकारने घेतली पाहिजे. एकदाच दिलेल्या धनादेशाने तुटलेला पाय परत येत नाही. आणि ११ जुलै २००६ ला काय घडले व तपासात कोठे काय चुकले, याची जाहीर, कालबद्ध चौकशी झाली पाहिजे. ही मागणी आरोपींसाठी नाही. ती पश्चिम रेल्वेच्या पासधारकासाठी आहे.

यांहून कठीण काम गावातले आहे. मुंबईत स्फोट झाला की नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या मोहल्ल्यात एखादे दार ठोठावले जाते आणि त्या घरी जाणे शेजारी बंद करतात. दुकानात उधारी बंद होते, मुलाला शाळेत नावे ठेवली जातात. तेव्हा त्या घरी जाऊन बसणे, वकील मिळवून देणे, अटकेची नोंद झाली का आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले का हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. त्याच वेळी स्फोटात ज्याचे माणूस गेले त्याच्याही घरी जाऊन बसावे. एका घरी गेलेला कार्यकर्ता दुसऱ्या घरी गेला नाही, तर पहिल्या घरचे त्याचे जाणे केवळ राजकारण ठरते.

न्याय हीदेखील एक सार्वजनिक सेवा आहे, एस.टी.सारखी, लोकलसारखी. ती सर्वांच्या पैशाने चालते, तिचे दार सर्वांना उघडे असावे लागते, आणि ज्याच्याकडे खासगी वाहन नाही त्याचे तर तिच्यावाचून चालतच नाही. १९४८ साली माळीवाड्याहून निघालेल्या गाडीत वाहकाने प्रत्येकाला तिकीट दिले आणि कोणालाही कूळ विचारले नाही. त्याच मार्गाने आजही रोज गाड्या जातात. सुप्याच्या थांब्यावर चढणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचा भरवसा हवा आहे : आपण सुखरूप उतरू, आणि जर उतरलो नाही, तर कोणी तरी आपल्यासाठी खरा गुन्हेगार शोधील, कागदावर घाट रचणार नाही. हा भरवसा त्याला मिळवून देणे, एवढेच या सभेतून उठताना बरोबर न्यावे.